आजारी मुलाची इच्छा आणि देणगीदाराचा रुपया



आपल्या जिल्ह्यातील पवनी हे गाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. वैनगंगेच्या काठी वसलेल्या ह्या गावाच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी मिळून उत्खनन केले. त्यात दोन हजार वर्षांहून जुना असा एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूपाच्या दगडी कठड्याच्या अवशेषांवर ब्राह्मी लिपीतले छोटे छोटे लेख आहेत. त्यांतले पुष्कळसे दानलेख आहेत. अमक्याने हे दान दिले, एवढाच त्यांचा मजकूर. म्हणजे देणगीची पावती देण्याची चाल आपल्या जिल्ह्यात किती जुनी आहे पाहा! आणि ती पावतीही अशी, की जी दोन हजार वर्षांत फाटली नाही.

पण त्या पावतीचा आणखी एक गुण आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तेथूनच सुरू होतो. दात्याचे नाव ज्या दगडावर कोरले, तोच दगड त्याचे दान होते. दिलेले दान कोठे गेले, हे त्याला कोणास विचारावे लागले नाही. हात लावून पाहता येत होते. आज आपण देणगी देतो ती नागपूरला, मुंबईला किंवा त्याहूनही दूर जाते. हाती कागदाचा एक तुकडा येतो आणि दगड काही दिसत नाही. तो न दिसणारा दगड जागेवर बसला की नाही, हे पाहण्याची व्यवस्था काय आहे, तेवढेच आज समजून घ्यावयाचे आहे. उदाहरण म्हणून मी एकाच प्रकारची संस्था घेतली आहे : गंभीर आजारी मुलांची एखादी मनीची इच्छा पूर्ण करणारी संस्था.

हे उदाहरण का घेतले ते सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास मला दूरध्वनी आला. पलीकडची बाई मोठ्या आर्जवाने बोलत होती. एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे, त्याची शेवटची इच्छा पुरी करावयाची आहे, आपण निदान पाचशे रुपये द्या, आणि आत्ताच द्या, असे तिचे म्हणणे. मी संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारला. ती म्हणाली, “साहेब, मूल मरायला टेकलंय आणि तुम्ही नंबर विचारता?” मी खजील झालो आणि पैसे पाठवले. त्याची पावती आजतागायत आलेली नाही. ती संस्था खरी होती की खोटी, हे मला आजही ठाऊक नाही, आणि म्हणून तिचे नाव मी येथे घेत नाही. परंतु तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे : मी विचारलेला प्रश्न निर्दयपणाचा होता काय? आज माझे उत्तर असे आहे की, तो प्रश्न त्या मुलाच्याच बाजूचा होता.

ही कल्पना निघाली कोठे?

१९८० साली अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात क्रिस नावाचा सात वर्षांचा एक मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता. त्याला पोलीस व्हावयाचे होते. तेथल्या पोलीस अधिकाऱ्यांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवले आणि मानाचा पोलीस म्हणून त्याची नेमणूक केली. थोड्याच दिवसांत तो गेला. त्याची आई आणि ह्या प्रसंगात सामील झालेली मंडळी ह्यांनी ठरवले की, हे एकाच मुलापुरते राहू नये. त्यातून ‘मेक-अ-विश’ ही संस्था जन्मास आली. आज तिच्या शाखा सुमारे पन्नास देशांत आहेत. आपल्याकडे ‘मेक-अ-विश फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९९६ साली मुंबईत स्थापन झाली. तीन ते अठरा वर्षे वयाच्या, जिवावरच्या आजाराशी झगडणाऱ्या मुलांसाठी ती काम करते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘शेवटची इच्छा’ हा शब्दप्रयोग ह्या कामात बसत नाही. इच्छा पूर्ण झालेली पुष्कळ मुले पुढे बरी होतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, तो वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाल्यास बहुतेक मुलांत आज बरा होऊ शकतो. म्हणून जो कोणी आपल्याकडे ‘मरणाऱ्या मुलाची शेवटची इच्छा’ म्हणून पैसे मागतो, त्याला ह्या कामाची ओळख नाही, किंवा ओळख असूनही तो आपल्या काळजाला हात घालतो आहे, असे समजण्यास हरकत नाही. माझ्या दूरध्वनीवरील बाईने नेमके तेच केले होते.

मुलांच्या इच्छा सामान्यतः चार प्रकारांत मोडतात : कोणाला काही व्हावयाचे असते, कोणाला कोणास भेटावयाचे असते, कोणाला कोठे जावयाचे असते आणि कोणाला काही हवे असते. कधी एखादे मूल स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्याला काही द्या म्हणते. तो पाचवा प्रकार.

एका सायकलीचा हिशेब

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, साकोली तालुक्यातील एका खेड्यातली अकरा वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांसाठी नागपूरला ये-जा करीत आहे. तिला लाल रंगाची गिअरची सायकल हवी आहे. दुकानात ती सायकल आठ हजारांना मिळते. संस्थेच्या वहीत मात्र ह्या इच्छेपोटी बारा हजार रुपये खर्च पडलेला दिसतो. आपल्यापैकी एखादा व्यवहारी गृहस्थ लगेच विचारील, “वरचे चार हजार कोणी खाल्ले?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तरही तितकेच सरळ मिळाले पाहिजे. प्रथम, मुलगी खरोखरच आजारी आहे आणि संस्थेच्या नियमात बसते, ह्याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला हवा. मग कोणीतरी स्वयंसेवक तिला प्रत्यक्ष भेटावयास हवा. आणि भेटावयाचे ते आईवडिलांच्या तोंडून ऐकण्यासाठी नव्हे, मुलीच्या तोंडून ऐकण्यासाठी. कारण अनेकदा मुलगी म्हणते सायकल आणि घरचे म्हणतात दूरदर्शन संच. एका भेटीत लाजरे मूल बोलत नाही. दुसरी भेट लागते. मग पुन्हा डॉक्टरांना विचारावे लागते. औषधांमुळे रक्तातील बिंबिका कमी झालेल्या असतील, तर सायकलवरून पडून झालेला साधा मारही धोक्याचा ठरतो. तेव्हा सायकल आत्ता द्यावी की दोन महिन्यांनी, हे डॉक्टरच सांगू शकतात. शेवटी ती सायकल साकोलीपलीकडच्या खेड्यात पोहोचवावयाची. घरात धाकटा भाऊ असेल, आणि गेले वर्षभर सगळे घर बहिणीभोवती फिरत असताना तो बिचारा कोपऱ्यात उभा असेल, तर त्याच्याही हातावर काहीतरी ठेवावयाचे. ह्या सगळ्यास चार हजार लागले, तर ते कोणी खाल्ले असे म्हणता येणार नाही. ती पोच नीट होण्याची किंमत आहे.

ह्याच्या उलट एखादी संस्था अभिमानाने सांगेल की, आमचा व्यवस्थापनाचा खर्च शून्य. आपला प्रत्येक रुपया वस्तूंवरच जातो. ऐकावयास फार गोड वाटते. पण अशी संस्था शंभर सायकली एकदम घेऊन शंभर मुलांना एकाच मांडवात वाटील; त्यांतल्या कितीजणांनी सायकल मागितली होती आणि कितीजणांना ती चालवता येत होती, हे कोण पाहणार? उंटावरून शेळ्या हाकण्याचाच तो प्रकार. सांगावयाचे तात्पर्य, व्यवस्थापनाचा खर्च किती, हा प्रश्न अपुरा आहे. तो खर्च कशासाठी झाला, हा पुरा प्रश्न.

पैसा येतो कोठून?

अशा संस्थेकडे येणाऱ्या पैशाचे ओघ साधारणपणे चार. पहिला ओघ आपल्यासारख्यांच्या लहान देणग्यांचा. वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्ताने दिलेले हजार-दोन हजार ह्यात येतात. हा पैसा बहुधा कोणत्याही अटीविना येतो, म्हणून संस्थेला तो सर्वांत उपयोगी. कार्यालयाचे भाडे आणि विजेचे देयक त्यातूनच भागते.

दुसरा ओघ कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांवर सामाजिक जबाबदारीचे बंधन घातले. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यांनी समाजोपयोगी कामांवर खर्च करावयाची. १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेला सरकारदरबारी वेगळी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. हा पैसा मोठा असतो, पण तो बहुधा अटी घेऊन येतो : अमुक शहरात, अमुक इतक्या मुलांसाठी, अमुक मुदतीत. ह्यात एक अडचण आहे आणि ती आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कंपनीचा ओढा तिचा कारखाना किंवा कचेरी जेथे आहे त्या भागाकडे असतो. कायद्यातही स्थानिक भागास अग्रक्रम द्यावा असे म्हटले आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला त्यामुळे देणारे पुष्कळ भेटतात. लाखांदूरच्या मुलासाठी संस्थेला अटीविना आलेल्या पैशाकडेच पाहावे लागते. म्हणजे आपल्या हजार रुपयांची किंमत कंपनीच्या हजार रुपयांहून अधिक आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरा ओघ वस्तूंचा आणि श्रमांचा. खेळणी, संगणक, प्रवासाची तिकिटे, हॉटेलातील मुक्काम अशी मदत व्यापारी मंडळी करतात, आणि स्वयंसेवक आपला वेळ देतात. येथे हिशेब फार काळजीने ठेवावा लागतो. दान मिळालेल्या वस्तूंची किंमत फुगवून लिहिली की, संस्थेने फार मोठे काम केल्याचा आभास सहज निर्माण होतो.

चौथा ओघ परदेशातून येणारा. विदेशी देणग्यांचा कायदा २०१० चा आहे. त्यात २०२० साली कडक दुरुस्ती झाली. परदेशी पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावयाचा, तो दुसऱ्या संस्थेला पुढे द्यावयाचा नाही, आणि व्यवस्थापनावर त्यातील २० टक्क्यांहून अधिक खर्च करावयाचा नाही, असे नियम त्या दुरुस्तीने घातले. म्हणजे आपला एखादा भंडाऱ्याचा मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल आणि तेथून आपल्या गावच्या संस्थेला काही पाठवू म्हणेल, तर त्या संस्थेजवळ ह्या कायद्याची परवानगी आहे की नाही हे आधी पाहावे लागेल. नोकरीसाठी गेलेला, पण भारतीय पारपत्र असलेला मुलगा आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने देणगी देईल, तर तिला विदेशी देणगी मानत नाहीत.

जाब कोण विचारतो?

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवणारा कायदा १९५० चा आहे. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’ म्हणतात. तो प्रथम आला तेव्हा पुष्कळ ओरड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५४ साली रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य ह्या खटल्यात न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, परंतु बहुतेक कायदा उचलून धरला. धर्माच्या आचरणात सरकारने हात घालू नये, पण दानाच्या पैशाची व्यवस्था कशी होते ते पाहण्याचा अधिकार राज्याला आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि तेथे १९५१ चा वेगळा न्यास कायदा होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५९ च्या एकीकरण कायद्याने हाच १९५० चा कायदा आपल्यालाही लागू झाला.

ह्या कायद्याचा कणा म्हणजे धर्मादाय आयुक्त आणि त्यांच्या हाताखालची नोंदणी कार्यालये. न्यासाने तीन महिन्यांच्या आत नोंदणी करावयाची. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत कळवावयाचे. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून तो लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावयाचा आणि त्याचा अहवाल सहा महिन्यांच्या आत सादर करावयाचा. स्थावर मालमत्ता विकावयाची किंवा कर्ज काढावयाचे, तर आधी परवानगी. विश्वस्तांनी गैरव्यवहार केला तर त्यांना निलंबित करण्याचा, काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांस आहे, आणि न्यासाशी हितसंबंध असलेली व्यक्ती तसा अर्जही करू शकते. नोंदणीच्या वहीत न्यासाचे नाव, उद्देश, विश्वस्त आणि मालमत्ता ह्यांची नोंद असते. तिची प्रमाणित नक्कल अर्ज करून मिळते. दूरध्वनीवरच्या त्या बाईला मी जो क्रमांक विचारला, तो ह्याच वहीतला.

दुसरा जाब आयकर खात्याचा. नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण त्या बदल्यात वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम तिने आपल्या उद्देशांसाठी वापरली पाहिजे; न वापरल्यास ती कशासाठी राखून ठेवली हे रीतसर कळवले पाहिजे. ह्या ८५ टक्क्यांचा अर्थ पुष्कळ लोक चुकीचा घेतात. ८५ टक्के पैसा सायकलींवर गेला असा तो नव्हे. उद्देश साधण्यासाठी नेमलेल्या माणसांचे पगारही त्यात येतात.

देणगीदाराला मिळणारी सवलत लोकांच्या तोंडी ‘८०-जी’ ह्या नावाने आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ते कलम होते. २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला आणि त्यात कलमांचे आकडे बदलले, तरी नाव जिभेवर बसले ते बसलेच. सामान्यतः अशा देणगीची निम्मी रक्कम, काही मर्यादेत, करपात्र उत्पन्नातून वजा होते. लक्षात घ्या, करातून नव्हे. एक हजार दिले तर पाचशे उत्पन्नातून वजा होतील; २० टक्के कर भरणाऱ्याचे त्यामुळे सुमारे शंभर रुपये वाचतील. दोन हजारांहून अधिक देणगी रोख दिल्यास ही सवलत नाही, आणि कराची नवी पद्धत पत्करलेल्या माणसाला तर ती मुळीच नाही. म्हणून ‘साहेब, तुमचा सगळा टॅक्स वाचेल’ असे जो सांगतो त्याच्यापासून चार पावले दूर राहावे. २०२१-२२ पासून मात्र एक चांगली गोष्ट झाली आहे. संस्थेला प्रत्येक देणगीदाराचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागते आणि त्यावरून निघालेला दाखला देणगीदाराला द्यावा लागतो. नुसत्या छापील पावतीवर आता सवलत मिळत नाही. पावती खोटी छापता येते; खात्याच्या दप्तरातून निघालेला दाखला बनवणे तितके सोपे नाही.

तिसरा जाब मोठ्या देणगीदारांचा. कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात सामाजिक खर्चाचा तपशील छापावा लागतो, म्हणून ती संस्थेकडून तिमाहीचा हिशेब घेते, कधी आपला माणूस पाठवून पाहणीही करते.

कायदा असूनही

आता कोणी म्हणेल, इतके कायदे आहेत, मग काळजी कसली? कायदे अमेरिकेतही आहेत. २०१३ साली तेथील ‘टॅम्पा बे टाइम्स’ ह्या वृत्तपत्राने एका शोधपत्रकारिता केंद्राच्या साहाय्याने वाईट धर्मादाय संस्थांची यादी प्रसिद्ध केली. यादीच्या अग्रभागी फ्लॉरिडातील एक संस्था होती. काम काय, तर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणे! नाव प्रसिद्ध संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते. वृत्तपत्राच्या हिशेबाप्रमाणे लोकांनी दिलेल्या प्रत्येक डॉलरमधले, म्हणजे शंभर सेंटांमधले, तीन सेंटही मुलांपर्यंत पोहोचत नव्हते. दहा वर्षांत जवळजवळ ११ कोटी डॉलर दूरध्वनीवरून वर्गणी गोळा करणाऱ्या धंदेवाईक कंपन्यांच्या खिशात गेले होते. आणि ही संस्था रीतसर नोंदलेली होती, तिचे हिशेब सरकारदरबारी दाखल होत होते! ते कागद कोणी वाचत नव्हते, इतकेच. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण काही आपल्याच देशापुरती नाही.

ह्या बाबतीत भंडाऱ्याच्या माणसाला कोणी फार शिकवावे लागू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. त्यानंतर देशभरातून हळहळ व्यक्त झाली, मदत जाहीर झाली. त्या रात्री आपण काय शिकलो? दुःख झाल्यावर देणारे हात पुष्कळ पुढे येतात. पण दुःख होण्याच्या आधी तारा, यंत्रे आणि दाखले तपासणारा हात दिसत नाही, आणि त्याचे कोणी कौतुकही करीत नाही. देणगीच्या बाबतीतही तेच आहे. देणे हे मनाला लगेच समाधान देणारे काम. तपासणे हे रुक्ष काम. पण मुलाचे संरक्षण रुक्ष कामातच असते.

दोन आक्षेप

माझ्या ह्या विषयावर एक आक्षेप हटकून घेतला जातो. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार घरोघर ऐकू येतो, कर्करोगाच्या मुलाला घेऊन आईबाप नागपूरच्या धर्मशाळेत महिनेन् महिने राहतात. अशा वेळी औषधाला पैसा नाही आणि तुम्ही सायकली कसल्या वाटता?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एकाच माणसाच्या खिशात एकच रुपया असेल आणि समोर औषधाची चिठ्ठी असेल, तर तो रुपया औषधालाच गेला पाहिजे. त्यात वाद नाही. पण दोन गोष्टींत फरक करावा. उपचार हा त्या मुलाचा हक्क आहे. त्यासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सिकलसेलसाठी २०२३ साली सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम आहे. आणि मघाशी सांगितलेल्या त्याच १९५० च्या कायद्यात असेही कलम आहे की, त्याच्या कक्षेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या. नागपूरला जाणाऱ्या किती कुटुंबांना हे कलम ठाऊक आहे? ते सांगणे हीदेखील एक देणगीच आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही. इच्छा मात्र हक्क नव्हे. ती भेट आहे. वर्षभर ज्या मुलीला सुई कधी टोचावयाची, काय खावयाचे, शाळेत केव्हा जावयाचे, ह्यांतले काहीच विचारले गेले नाही, तिला कोणीतरी प्रथमच विचारतो, “तुला काय हवं?” त्या विचारण्यात जे आहे ते औषधाच्या बाटलीत मिळत नाही. इच्छा पुरवणाऱ्या संस्थेने उपचाराच्या नावाने पैसे गोळा करू नयेत, आणि उपचारासाठी गोळा केलेल्या पैशातून इच्छा पुरवू नयेत. ह्या दोन थैल्या वेगळ्या ठेवणे, हेच तिचे प्रामाणिकपण.

दुसरा आक्षेप छायाचित्रांचा. देणगीदाराला पुरावा हवा असतो, म्हणून संस्था मुलाचे छायाचित्र छापते : केस गेलेले डोके, हातात सायकल, बाजूला धनादेश धरलेले पाहुणे. पण ती मुलगी बरी होईल, मोठी होईल, तिला आपल्या आजाराची जाहिरात गावोगाव झालेली आवडेल काय? पुराव्याचा भार मुलीच्या चेहऱ्यावर टाकू नये. तो हिशेबाच्या कागदावर टाकावा. आपण देणगीदारांनीच छायाचित्राचा आग्रह सोडला आणि ताळेबंदाचा धरला, तर संस्थाही सुधारतील.

जो रकाना हिशेबात नाही

शेवटी मला एका अशा गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, जी कोणत्याच कायद्यात नाही. न्यासाचा ताळेबंद आणि जमाखर्च ठरावीक नमुन्यात भरावा लागतो. त्यात रुपयांचे सगळे रकाने आहेत. दिवसांचा रकाना नाही. बँकेत पैसा सुरक्षित पडून आहे, व्याज मिळते आहे, लेखापरीक्षकाने ‘ठीक’ म्हणून सही केली आहे. आणि त्याच वेळी यादीतली एखादी मुलगी सात महिने वाट पाहत आहे. कागदावर एक पैचाही गैरव्यवहार नाही. पण ज्या मुलाजवळ वेळ कमी आहे, त्याच्या बाबतीत उशीर हाच गैरव्यवहार होय. मुलाला दिलेला शब्द हे मुदतीचे कर्ज आहे. मुदत टळून गेल्यावर ते फेडता येत नाही.

म्हणून अशा संस्थेला देणगी देण्यापूर्वी आपण पाच प्रश्न विचारावे. आपला नोंदणी क्रमांक काय, आणि गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब पाहावयास मिळेल काय? माझा रुपया कोणत्या थैलीत जाणार, आणि ज्या मुलासाठी तो दिला त्याला तो देता आला नाही, तर कोणासाठी वापरणार? वर्गणी गोळा करणाऱ्याला तुम्ही पगार देता की गोळा केलेल्या पैशाचा हिस्सा? इच्छा मुलाच्याच तोंडून ऐकली आणि डॉक्टरांची संमती घेतली, हे कोण पाहतो? आणि पाचवा : गेल्या वर्षी किती मुलांनी मागितले, किती मुलांना मिळाले आणि सरासरी किती दिवसांनी? चांगली संस्था ह्या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तिला बरे वाटते, कारण ती उत्तरे तिच्याजवळ तयार असतात आणि विचारणारे मात्र फार थोडे असतात.

पुन्हा दूरध्वनी आला तर मी काय करीन? मुलाच्या आजाराचे वर्णन ऐकून मन कळवळेल, ते कळवळलेच पाहिजे. कळवळ्याशिवाय देणगी निघत नाही. पण क्रमांक विचारल्याबद्दल मी ह्या खेपेस खजील होणार नाही. पवनीच्या त्या दात्याला आपला दगड हात लावून पाहता येत होता. आपल्याला तसा हात लावता येत नाही, म्हणून आपण विचारावयाचे. तेवढा त्रास आपण घेतला, तर साकोलीपलीकडच्या त्या खेड्यात एक लाल सायकल वेळेवर पोहोचण्याचा संभव बराच वाढतो.